मुळांची हाक, जिवाणूंचा ओ

मेथीची जुडी निवडताना मुळांवर बारीक गाठी दिसल्या, तर एखादी नखाने फोडून पाहावी. आतून गुलाबी निघाली तर तिच्यात नत्र बांधण्याचं काम चालू होतं. ही गाठ ज्याच्यामुळे होते तो जिवाणू सायनोरायझोबियम मेलिलोटी. लसूणघासावरही हाच. मातीत तो एरवी एकटाच जगतो आणि तेव्हा हवेतल्या नत्राच्या वाटेला जात नाही. मग मुळापाशी येताच त्याच्यात काय पालटतं?

गाठीतला जिवाणू १८८८ मध्ये सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ बायरिंक यांनी वेगळा काढला, पण या प्रश्नाच्या उत्तराची सुरुवात व्हायला जवळपास शंभर वर्षं गेली. १९८६ मध्ये स्टॅनफर्डच्या शॅरन लाँग आणि सहकाऱ्यांनी लसूणघासाच्या बियांतून पाझरणारं ल्युटिओलिन हे रसायन ओळखलं. जिवाणूतलं नॉड-डी हे प्रथिन गाठीच्या, म्हणजे नॉड जनुकांच्या तोंडाशी आधीच बसलेलं असतं. ल्युटिओलिन पोचलं की ती जनुकं जागी होतात. सोयाबीनच्या मुळांतून जेनिस्टीन येतं आणि त्याला ओ देतो तो ब्रॅडीरायझोबियम.

जिवाणूचा जबाबही रासायनिकच असतो: चार-पाच शर्करांची साखळी आणि तिला मेदाम्लाची शेपटी. १९९० मध्ये फ्रान्सच्या गटाने मेलिलोटीच्या या रेणूची रचना उलगडली, तेव्हा साखळीच्या टोकाला एक सल्फेट आढळलं. ते बसवणारं जनुक निकामी केलं की जिवाणू लसूणघासाला परका होतो, आणि एरवी ज्याच्याशी त्याचा संबंध नसतो त्या व्हेच नावाच्या रोपावर गाठी करू लागतो. इतक्या लहान फरकावर यजमान बदलतो, हे मला या साऱ्या संशोधनातलं सर्वांत विलक्षण वाटतं.

आपल्याकडे या नात्याचं वर्णन बरेचदा इथेच थांबतं. खरी उलथापालथ गाठीच्या आत होते. तिथे प्राणवायू फार कमी. जिवाणूचं फिक्स-एल प्रथिन ही उणीव ओळखतं, फिक्स-जेला कळवतं, आणि त्यानंतर नत्र बांधणारी जनुकं चालू होतात. वनस्पतीचं लेगहिमोग्लोबिन प्राणवायू मोजून-मापून पुरवतं. गाठीचा गुलाबी रंग त्याचाच.

याहून कठोर भाग पुढे आहे. लसूणघासाची जवळची नातलग मेडिकागो ट्रंकाट्युला जिवाणूवर शेकडो प्रकारच्या छोट्या प्रथिनांचा मारा करते. जिवाणू फुगतो, डीएनएच्या अनेक प्रती करतो, पण पुन्हा विभागू शकत नाही. २०१० मध्ये हे सिद्ध झालं. सोयाबीनमध्ये असं होत नाही. तिथले जिवाणू गाठ कुजल्यावर मातीत परतून वाढू शकतात. दोघांचा सारखाच फायदा असं सरसकट म्हणणं म्हणूनच मला पटत नाही. निदान मेडिकागोच्या गाठीत हुकूम वनस्पतीचा चालतो.

शेतात तर आणखी गुंता. युरिया भरपूर पडला की झाड स्वतःच गाठी कमी करतं. बियाण्याला पाकिटातलं रायझोबियम चोळून पेरलं, तरी ज्या रानात सोयाबीन पूर्वी होऊन गेलं आहे तिथल्या गाठी बरेचदा मातीतल्या जुन्या जिवाणूंच्याच निघतात. मुळांची हाक दोघांनाही ऐकू येते, दोघांकडेही नॉड जनुकं असतात. मग आधी मुळाला कोण चिकटतो, केसमुळातून आत कोण शिरतो, हे ठरवणारी जनुकं कोणती, हा पाकिटातल्या जिवाणूपुढचा खरा प्रश्न आहे.