धाकट्यांनी मोठ्यांशी खेळावं का?

वस्तीतल्या मैदानावर वयाचे गट पाडलेले नसतात. जागा एकच, फुटबॉलही एकच. त्यामुळे नववीतला दादा आणि पाचवीतला धाकटा एकाच डावात धावतात. घरी आई-वडिलांना धाकधूक असते : मोठ्या पोरांच्या पायाखाली आपलं लेकरू सापडलं तर? ही काळजी रास्त आहे, पण मुलाला घरी बसवणं हा त्यावरचा उपाय नव्हे. थोडे नियम पाळले, तर मोठ्यांसोबतच्या सरावातून धाकटे पुष्कळ काही शिकतात.

फायदा काय?

बरोबरीच्या मुलांत जो वेगानं पुढे निघून जातो, त्याला मोठ्यांसमोर तसं जमत नाही. मोठा खेळाडू दोन ढांगांत अंगावर येतो. मग धाकट्याला चेंडू पायाशी येण्याआधीच मान वर करून बघावं लागतं, की कोण मोकळं आहे, पास कुठे द्यायचा. ताकद कमी पडते तिथे डोकं चालवायची सवय लागते. अर्जेंटिनातल्या रोसारिओ शहरात वाढलेला लिओनेल मेस्सी लहानपणी आपल्या दोन थोरल्या भावांसोबत खेळत असे. त्याची उंची फार कमी होती. वाढीच्या संप्रेरकाच्या कमतरतेवर त्याला उपचारही घ्यावे लागले. पण चेंडूवरच्या ताब्यात तो मोठ्यांनाही भारी पडायचा.

वय नव्हे, वाढ पाहा

एकाच वर्गातली दोन मुलं पाहा. एकाला मिसरूड फुटलेलं असतं, दुसरा अजून लहानखुरा दिसतो. साधारणपणे मुलींची उंची ११-१२ व्या वर्षी आणि मुलांची १३-१४ व्या वर्षी सर्वांत वेगानं वाढते. काहींची लवकर, काहींची उशिरा. इंग्लंडमधल्या चार व्यावसायिक क्लबांनी ११ ते १४ वयाच्या मुलांचे गट जन्मतारखेऐवजी शारीरिक वाढीवरून पाडून स्पर्धा घेतली. लवकर वाढलेल्या मुलांना नुसत्या ताकदीवर जिंकता येईना, त्यांना डोकं लावावं लागलं. उशिरा वाढणाऱ्यांना आपलं कौशल्य दाखवायला वाव मिळाला. आपल्या मैदानावरही संघ पाडताना वयासोबत उंची आणि वजन बघावं.

किती खेळावं?

मोठ्यांसोबतचा सराव आठवड्यातून एक-दोन वेळा पुरे. बाकी दिवस बरोबरीच्यांसोबत खेळू द्यावं. रोज हरणाऱ्या मुलाचं खेळावरून मन उडतं. कधी जिंकण्याची गोडीही लागली पाहिजे. सरावाचे आठवड्याचे एकूण तास मुलाच्या वयाच्या आकड्यापेक्षा जास्त नसावेत, म्हणजे दहा वर्षांच्या मुलाला दहा तासांपर्यंत. आठवड्यात एक-दोन दिवस पूर्ण विश्रांती हवी. १२ वर्षांपर्यंतच्या मुलांना चार नंबरचा चेंडू द्यावा. पाच नंबरचा त्यांना मोठा आणि जड पडतो.

दुखण्याकडे दुर्लक्ष नको

उंची झपाट्यानं वाढत असताना गुडघ्याच्या वाटीखालच्या हाडाच्या उंचवट्यावर दुखतं, कधी सूज येते. मुलगा बहाणे करतोय असं समजू नका. धावणं-उड्या कमी करा, बर्फानं शेका; लंगडत असेल किंवा दुखणं थांबत नसेल तर डॉक्टरांना दाखवा. डोक्याला मार लागून चक्कर, उलटी, गोंधळल्यासारखं किंवा डोळ्यांपुढे अंधारी आली, तर त्या दिवशी खेळ बंद आणि ताबडतोब दवाखाना गाठा. लहान मुलांकडून हेडिंगचा सराव करून घेऊ नका. अमेरिकेत दहा वर्षांपर्यंतच्या मुलांना त्याची मनाईच आहे.

पोट रिकामं ठेवून मैदानावर पाठवू नका. भाकरी-डाळ, उकडलेलं अंडं, भिजवलेले चणे, शेंगदाणे-गूळ हे घरचंच खाणं चांगलं. महागड्या पावडरींची गरज नाही. पाण्याची बाटली सोबत हवीच. पाळी सुरू झालेल्या मुलींच्या आहारात पालेभाजी आणि डाळी जास्त असाव्यात, कारण त्यांच्या अंगातलं लोह कमी होतं.

दादा-ताईंसाठी चार नियम

• धाकट्यांसोबत खेळताना मागून पाय घालायचा नाही, खांद्यानं ढकलायचं नाही.
• मोठ्यांनी चेंडूला दोनच स्पर्श करायचे. धाकट्यांना हवे तितके.
• प्रत्येक संघात मोठे-धाकटे सारखे वाटून घ्यायचे. धाकट्याला नेहमी गोलकीपर करून उभं करायचं नाही.
• कडेला उभ्या असलेल्या मुलींनाही संघात घ्यायचं.

यात मोठ्यांचाही फायदा आहे. दोन स्पर्शांत पास द्यायचा म्हणजे त्यांचाही खेळ सुधारतो, आणि शिकवता शिकवता जबाबदारी अंगी येते.

नागपुरात विजय बारसे यांनी २००१ मध्ये झोपडपट्टीतल्या मुलांसाठी फुटबॉलचं काम सुरू केलं. त्यावरचा ‘झुंड’ चित्रपट अनेकांनी पाहिला असेल. वस्तीतली मुलं खेळात कमी नाहीत. त्यांना हवं असतं ते कुणीतरी लक्ष देणारं माणूस. या आठवड्यात एखाद्या संध्याकाळी अर्धा तास मैदानाच्या कडेला उभे राहा. आपलं मूल कुणासोबत खेळतं, दमतं का, हसत घरी येतं का, ते पाहा. ते हसत येत असेल आणि उद्या पुन्हा जायचं म्हणत असेल, तर खुशाल मोठ्यांसोबत खेळू द्या.