उसातल्या बिबट्याची मोजणी

जालन्यात जंगल नावालाच. तरी अंबड-घनसावंगीकडे, जायकवाडीच्या डाव्या कालव्याखालच्या उसात, बिबट्या दिसल्याची हाळी उठते. मागणी ठरलेली: पिंजरा लावा, धरा, लांब नेऊन सोडा. या उपायाचं फळ पुणे जिल्ह्यातल्या जुन्नरने वीसेक वर्षांपूर्वीच भोगलं, आणि वन्यजीव अभ्यासक डॉ. विद्या अत्रेय यांनी ते आकड्यांत मांडून ठेवलं.

२००१ ते २००३ या काळात जुन्नर भागात माणसांवरचे हल्ले एकाएकी वाढले. ऊस वाढला म्हणून बिबटे माजले, असं सगळे धरून चालले होते. अत्रेय यांनी वनखात्याच्या नोंदी ताडून पाहिल्या. आधी वर्षाला सरासरी ४ हल्ले व्हायचे, धरपकड सुरू झाल्यावर १७. या धरपकडीत शेतशिवारात पकडलेले २९ बिबटे सरासरी चाळीसेक किलोमीटरवरच्या जंगलात सोडले होते. परक्या मुलखात टाकलेलं, माणसांच्या हातून गेलेलं बिथरलेलं जनावरच हल्ले वाढवतं, हा त्यांचा निष्कर्ष. म्हणजे रोगापेक्षा औषधच भारी! २०११मध्ये हा अभ्यास छापून आला. त्याच वर्षी केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांनीही असं स्थलांतर टाळायला सांगितलं.

अकोल्याचं (अहिल्यानगर जिल्ह्यातलं अकोले, विदर्भातलं नव्हे) काम मला त्याहून धाडसी वाटतं. वन्यजीवांचा अभ्यासक जंगलात जातो. या बाईंनी कॅमेरे लावले ते ऊस, मका आणि वस्त्यांमधल्या वाटांवर. दर चौरस किलोमीटरला तीनशेच्या वर माणसं राहतात तिथे, शंभर चौरस किलोमीटरमागे पाचाच्या आसपास प्रौढ बिबटे निघाले, तितकीच तरसं. माणसांवर हल्ले मात्र विरळ. विष्ठा तपासली तर खाद्यात वजनाने ३९ टक्के वाटा कुत्र्यांचा. शेळ्या कुत्र्यांच्या सातपट असूनही त्यांचा वाटा ११ टक्के. शेळी रात्री कोंडलेली असते, कुत्रं मोकळं.

लांब नेऊन सोडलेला बिबट्या तिथेच थांबत नाही, हे दाखवणारी ‘आजोबा’ची गोष्ट सिनेमामुळे ठाऊक आहेच. २००९मध्ये टाकळी ढोकेश्वरच्या विहिरीतून काढून, गळ्यात माग काढणारा पट्टा बांधून माळशेजला सोडलेला हा बिबट्या सव्वाशेक किलोमीटर चालत मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानापर्यंत पोचला. २०११मध्ये महामार्गावर गाडीखाली गेला.

पुढे मुंबईत उद्यानाच्या कडेच्या वस्त्यांना कचरा उचला, म्हणजे कुत्री कमी होतील, असं सांगितलं गेलं. आपल्याकडे पक्का गोठा, रात्रीचा उजेड, उघड्यावर न टाकलेली मेलेली जनावरं यांनी बरंच भागेल. पण पिंजऱ्याशेजारी उभं राहून पुढाऱ्याला फोटो काढता येतो, गोठ्याच्या दाराशेजारी कोण काढणार?