पौंडभर हवा

ऑटोक्रॉसवाल्यांच्या गॅरेजात बॉनेट उघडलेलं क्वचितच दिसतं. माणसं चाकांपाशी ओणवी असतात. मिशिगनमध्ये राहणारा माझा नाशिकचा मित्र आपल्या पहिल्या पिढीच्या माझदा मियाटाच्या दोन्ही बाजूंना दोऱ्या ताणत होता, आणि ड्रायव्हरच्या सीटवर त्याच्या वजनाइतक्या सोना मसुरीच्या पिशव्या रचलेल्या होत्या. माणूस बसला की गाडी दबते, चाकांचे कोन बदलतात; म्हणून माप घेताना सीटवर वजन हवंच. वाळूही चालते. तांदूळ निदान नंतर शिजवता येतो.

अमेरिकेतलं ऑटोक्रॉस म्हणजे मोठ्या पार्किंगमध्ये किंवा जुन्या धावपट्टीवर नारिंगी शंकू मांडून आखलेला नागमोडी मार्ग. एकेक गाडी सुटते, साधारण मिनिटभर धावते, बहुतेक वेळ दुसऱ्या गिअरमध्येच. शंकू पाडला की वेळेत २ सेकंदांची भर. मार्ग आधी पायी फिरून पाठ करायचा, गाडीने सराव नाही. नेब्रास्कातल्या लिंकनला एससीसीए या संस्थेची राष्ट्रीय स्पर्धा होते, तिथे एका मार्गावर फक्त ३ फेऱ्या मिळतात. चाचपडायला वाव नाही, त्यामुळे गाडी लावायची ती बरीचशी घरीच.

मित्र ज्या 'स्ट्रीट' गटात उतरतो तिथले नियम कडक आहेत. स्प्रिंगला हात लावायचा नाही. शॉकअप बदलता येतात, डाव्या-उजव्या चाकांना जोडून गाडीचं कलणं रोखणारा स्टॅबिलायझर बार पुढचा किंवा मागचा एकच बदलता येतो, आणि अलाइनमेंट कंपनीने ठेवलेल्या नट-बोल्टांनी जेवढी फिरेल तेवढीच. मला हे बंधन आवडतं. पैसे ओतून प्रश्न सोडवण्याची वाटच बंद होते.

पैसे घालायचेच तर आधी टायरवर. या गटात टायरच्या बाजूवर छापलेला झिजेचा आकडा २०० किंवा त्याहून जास्त असावा लागतो. रोजच्या टायरवर तो ४००-६०० असतो. आकडा लहान तितकं रबर मऊ आणि आयुष्य कमी. ब्रिजस्टोनचे आरई-७१आरएस किंवा योकोहामाचे ए०५२ चढवले की जो फरक पडतो, तो महागड्या शॉकअपनेही पडत नाही. नवशिके तरी आधी गाडी खाली बसवायला निघतात. ती दिसते छान. पण फार खाली नेली की वळणात सस्पेंशन रबरी बंप-स्टॉपवर आदळतं, ते टोक एकदम दगडासारखं ताठ होतं आणि पकड सोडतं.

गॅरेजात पुढच्या चाकांखाली मित्राने दोन-दोन फरशा ठेवल्या होत्या, मधे ग्रीस, म्हणजे कोन बदलताना चाक अडकत नाही. मियाटाच्या खालच्या आर्मला विकेंद्री बोल्ट असतात. ते फिरवले की चाकाचा वरचा भाग आत झुकतो. हा उणे कॅम्बर. वळणात गाडी बाहेर कलते तेव्हा हे आधी दिलेलं झुकणं फिटतं आणि टायर सपाट बसतो. मात्र कॅम्बर हलवला की टो, म्हणजे वरून पाहता चाकं आत किंवा बाहेर किती वळलेली ते, हलतेच, म्हणून टो सगळ्यात शेवटी. रिमच्या पुढच्या आणि मागच्या कडेपासून दोरीपर्यंतचं अंतर पट्टीने मोजायचं. पुढची चाकं किंचित बाहेर बघणारी ठेवली की गाडी स्टिअरिंगला चटकन वळते.

स्टॅबिलायझर बारबद्दल गैरसमज फार. जाड बार लावला की वळणात बाहेरच्या चाकांवर जाणारं वजन कमी होतं, असं अनेकांना वाटतं. ते जवळपास तेवढंच राहतं. ते ठरवतात गाडीचं वजन, गुरुत्वमध्याची उंची, चाकांमधली रुंदी आणि वळणाचा जोर. बार फक्त वाटणी बदलतो, पुढच्यांनी किती घ्यायचं नि मागच्यांनी किती. आणि रबराचा स्वभाव असा की भार दुप्पट केला तरी पकड दुप्पट होत नाही. त्यामुळे जिथे बार जाड, त्या टोकाची एकूण पकड घटते. मग मित्राने पुढे जाड बार का लावला? गाडी मागच्या चाकांनी चालते. पुढचं टोक ताठ झालं की मागचं आतलं चाक जमिनीला टेकून राहतं, वळणातून निघताना ॲक्सिलरेटर लवकर दाबता येतो. शिवाय गाडी कमी कलते, कॅम्बर कमी फिटतो. होंडा सिव्हिकवाले उलट करतात: मागे जाड बार लावून शेपूट मोकळी सोडतात, आणि मागचं आतलं चाक हवेत उचललेले त्यांचे फोटो सगळ्यांनी पाहिलेले असतात.

स्पर्धेच्या दिवशी हाताशी दोनच गोष्टी उरतात, हवा आणि शॉकअपची खुंटी. टायरच्या खांद्यावर खडूने आडवी रेघ ओढून गाडी सोडायची. परत आली की रेघ कुठवर पुसली ते बघायचं: कडेवरच्या छोट्या त्रिकोणाच्या खाली गेली तर टायर लोळतोय, हवा वाढव. मग सुईचं तापमापक रबरात तीन जागी टोचायचं. मधला भाग तापलेला तर हवा जास्त, बाहेरची कडच तापलेली तर कॅम्बर कमी. ऊन चढलं तसे टायर तापून हवा वाढायला लागली, तेव्हा मित्राने द्राक्षाला औषध मारतात तसला हातपंप काढून चाकांवर पाणी मारलं.

सलग शंकूंच्या नागमोडीत मागचं टोक उडतंय, असं तो म्हणाला. डिकीत हात घालून त्याने कोनी कंपनीच्या मागच्या शॉकअपचा रिबाउंड, म्हणजे दबलेला शॉकअप परत लांबतानाचा विरोध, जरासा ढिला केला. लांब वळणात गाडी एकदा स्थिरावली की शॉकअपला फारसं काम नसतं. त्याचा संबंध ती एका बाजूवरून दुसरीकडे झुकते त्या क्षणांशी. मी म्हटलं, "अरे, हवापण पौंडभर कमी कर ना."

"दोन्ही बदललं तर फरक कशाने पडला ते कळणार कसं?"

फेरी आधीपेक्षा वेगवान झाली, पण एक शंकू गेला. रिबाउंड तसाच ठेवून तो अग्निशामक आणि लाल झेंडा घेऊन मार्गावर शंकू उचलायच्या पाळीला गेला. मागच्या टायरांतली हवा कमी करायची की नाही, हे अजून ठरलेलं नव्हतं.