स्लॅबमधल्या भोकाला वाली कोण?

पाचोडच्या बाजारात मोसंबी आणणाऱ्या शेतकऱ्याला पीव्हीसीच्या पाइपाचं महत्त्व पटवून द्यावं लागत नाही. १९८० साली जळगावात जैन समूहाने हे पाइप करायला घेतले, आणि पुढच्या चार दशकांत विहिरीचं पाणी बागेपर्यंत नेण्याचं काम लोखंडाकडून प्लॅस्टिकने जवळजवळ काढूनच घेतलं. गंज नाही, वजन नाही, सोल्युशन लावलं की जोड पक्का. हाच विश्वास धुळे-सोलापूर महामार्गाने छत्रपती संभाजीनगरात पोहोचला आणि तिथल्या नव्या टोलेजंग इमारतींच्या डक्टमध्ये सांडपाण्याचा पाइप होऊन उभा राहिला. शेतात मात्र पाइप मातीखाली असतो. इमारतीत तो प्रत्येक मजल्याचा स्लॅब भेदून जातो. पाणी वाहून नेण्यात तो कमी पडत नाही. खरी परीक्षा आहे ती आग लागल्यावर त्या भोकाचं काय होतं याची.

पीव्हीसी सुमारे ८० अंश सेल्सियसला मऊ पडू लागतं. प्रयोगशाळेतल्या प्रमाणित अग्निचाचणीत भट्टीचं तापमान अर्ध्या तासात ८४० अंशांच्या घरात जातं. म्हणजे खोली धड पेटण्याआधीच ११० मिलिमीटरचा पाइप वाकतो, गळून पडतो आणि स्लॅबमध्ये तळहाताएवढं उघडं भोक मागे राहतं. पाइपात पाणीच असतं, तो जळेल कसा, असं अनेकांना वाटतं. पण सांडपाण्याचा उभा पाइप कधी भरून वाहत नाही. पाणी आतल्या भिंतीला चिकटून पातळ थराने उतरतं आणि मधली जागा हवेची असते. शिवाय दुर्गंध बाहेर जावा म्हणून त्याचं वरचं तोंड गच्चीवर उघडं ठेवलेलं असतं. खाली जाळ आणि वर उघडं तोंड, म्हणजे बंबाची मधली नळीच ती.

प्लॅस्टिकच्या बाजूने बोलणाऱ्यांचा एक मुद्दा खरा आहे. पीव्हीसीच्या वजनात निम्म्याहून जास्त, सुमारे ५७ टक्के, क्लोरीन असतं. त्यामुळे जाळ दूर केला की ते आपोआप विझतं. पॉलिथिन किंवा पॉलिप्रॉपिलीन तसं विझत नाही. पण पाइप स्वतः पेटतो की नाही हा इथे दुय्यम प्रश्न आहे. तो जागेवरून नाहीसा होतो, ही खरी अडचण. आणि तापताना त्यातला क्लोरीन हायड्रोजन क्लोराइड होऊन बाहेर पडतो. ओलाव्याशी गाठ पडली की त्याचं आम्ल होतं, डोळे आणि घसा जाळणारं. अंधाऱ्या जिन्यात वाट शोधणाऱ्याला ते पुरेसं घातक आहे.

धूर वर चढून काय करतो हे संभाजीनगरने पाहिलं आहे. ३ एप्रिल २०२४ च्या पहाटे छावणीतल्या दाणाबाजारात तळाशी असलेल्या शिंप्याच्या दुकानाला आग लागली आणि वर राहणाऱ्या एकाच कुटुंबातली सात माणसं गुदमरून गेली. जाळ त्यांच्या मजल्यापर्यंत पोहोचला नव्हता, असं पोलिसांनी तेव्हाच सांगितलं. लास वेगासच्या एमजीएम ग्रँड हॉटेलात २१ नोव्हेंबर १९८० रोजी ८५ माणसं दगावली. आग खालच्या मजल्यांवर होती, पण लिफ्टच्या शाफ्टांतून आणि जिन्यांतून धूर वर गेला आणि बहुतेक मृत्यू वरच्या मजल्यांवर झाले. या दोन्ही घटनांचं खापर सांडपाण्याच्या पाइपावर फोडता येणार नाही. त्यांतून दिसतं ते एवढंच की धुराला उभी वाट मिळाली की मजल्यांच्या सीमा उरत नाहीत; आणि पाइप गळून पडलेला डक्ट ही तशीच एक वाट आहे.

मग बिडाचा पाइप? तो अकराशे अंशांच्या पुढे वितळतो, म्हणजे खोलीतल्या आगीत जागेवर उभा राहतो. महागडा आहे, जड आहे, हे कबूल. पूर्वी जोडात शिसं ओतणारा कारागीर लागे. आता रबरी बाही आणि स्टीलचा क्लॅम्प लावून जोड होतो. ती रबरी बाही आगीत जळते, हा आक्षेपही योग्यच. पण जोड स्लॅबच्या जाडीत न ठेवता बाहेर घेतला, तर भोक बिडानेच भरलेलं राहतं. दुसरा पर्याय फुगणाऱ्या कॉलरचा. पोलादी कड्यात बसवलेली ग्रॅफाइटयुक्त पट्टी तापली की फुगते आणि मऊ पडलेला पाइप चिरडून भोक बुजवते. युक्ती छान आहे. मात्र कॉलर त्याच मापाच्या, त्याच जातीच्या पाइपाबरोबर तपासलेली हवी आणि स्लॅबच्या खालून पक्की ठोकलेली हवी. ब्रिटनच्या नियमांत, सामान्यतः, साध्या प्लॅस्टिकच्या पाइपाला अशा बंदोबस्ताशिवाय ४० मिलिमीटरपर्यंतच मुभा आहे. ११० मिलिमीटरच्या भोकाचं क्षेत्रफळ त्याच्या साडेसात पट भरतं.

माझा कौल उभ्या पाइपासाठी बिडाला आणि फ्लॅटच्या आतल्या फांद्यांसाठी प्लॅस्टिकला आहे. बिडाचं काम बिघडलं तर गळतं, डाग दिसतो, रहिवासी भांडतात. कॉलर बसवायची राहिली तर आग लागेपर्यंत कुणालाच कळत नाही. आपल्याकडे पुष्कळ इमारतींचे पाइप बाहेरच्या भिंतीवर उघड्यावरच असतात, तिथे एवढा खटाटोप कशाला, असं कुणी म्हणेल. तिथे धोका खरोखर कमी आहे आणि पीव्हीसीला माझी हरकत नाही. पण उंच टॉवरमध्ये डक्ट पोटात जातो, आणि नहाणी ट्रॅप तर स्लॅबच फोडून खालच्या घराच्या छतात उतरतो.

नियम नाहीत असंही नाही. राष्ट्रीय बांधकाम संहिता, २०१६, पंधरा मीटर किंवा त्याहून उंच इमारतीला उंच इमारत मानते आणि सेवांच्या शाफ्टना मजल्यागणिक आगरोधक बुजवणी सांगते. महाराष्ट्राच्या २००६ च्या अग्निप्रतिबंधक कायद्याखाली दर जानेवारी आणि जुलैत यंत्रणा चालू असल्याचं ‘फॉर्म बी’ प्रमाणपत्र द्यावं लागतं. पंप चालवून बघता येतो, होजला पाणी येतं का ते दिसतं. पण फॉल्स सीलिंगच्या वरची कॉलर कोण बघणार? प्लंबिंगचा नकाशा एकाचा, अग्निसुरक्षेचा दुसऱ्याचा, आणि भोक पाडणारा कोअर कटिंगवाला तिसराच. म्हणून प्लास्टर आणि सीलिंग होण्याआधी प्रत्येक भोकाला क्रमांक देऊन त्याचा फोटो भोगवटा प्रमाणपत्राच्या कागदांना जोडायला लावावा; खर्च नगण्य आहे. सोसायटीने तेच फोटो जपून ठेवावेत, कारण दहा वर्षांनी कुणीतरी बाथरूम नव्याने करायला काढतो, प्लंबर जुना ट्रॅप उखडतो, कॉलर अडचण म्हणून भंगारात जाते आणि राहिलेली फट पांढऱ्या सिमेंटने लिंपली जाते.