अंगणातलं नाणं आणि ते सापडलेली जागा

मंडळाच्या एका बैठकीत हा विषय मी तोंडी मांडला होता. नंतर दोघा-तिघांनी म्हटलं, लिहून द्या, म्हणजे नव्या मंडळींनाही वाचता येईल. म्हणून हे टिपण.

निमित्त भाच्याचं. मार्च 2025 मध्ये 'छावा' चित्रपट पाहून आला आणि आठवड्याभरात त्याने ऑनलाइन एक मेटल डिटेक्टर मागवला. त्याच दिवसांत असीरगडच्या बातम्या येत होत्या. बुऱ्हाणपूरपासून वीसेक किलोमीटरवरच्या त्या किल्ल्याजवळ रात्रीच्या वेळी माणसं टॉर्च, कुदळी, चाळण्या आणि डिटेक्टर घेऊन शेतं उकरत होती. मुघलांचा खजिना बुऱ्हाणपुरात होता असं चित्रपटात दाखवलंय, आणि शेतात सोन्याची नाणी निघतायत अशी आवई उठली होती. भाचा म्हणाला, "मामा, असीरगडला नाही जात, पण आपल्या अंगणात फिरवायला काय हरकत आहे?"

मी आधी रागावलो. मग म्हटलं, ठीक आहे, पण माझ्या पद्धतीने. त्या पद्धतीमागे आमच्या घरातली एक जुनी चूक आहे. ती पुढे सांगतो.

यंत्र काय ओळखतं

डिटेक्टरच्या खालच्या चकतीत तांब्याच्या तारेचं वेटोळं असतं. त्यातून उलटसुलट होणारा वीजप्रवाह गेला की भोवती चुंबकीय क्षेत्र तयार होतं. जमिनीत धातू असला तर त्या धातूतही बारीकसे प्रवाह फिरू लागतात, त्यांचं स्वतःचं क्षेत्र उमटतं, आणि यंत्र ते पकडून कानात आवाज देतं. चांदी आणि तांब्यातून वीज सहज वाहते म्हणून त्यांचा आवाज वेगळा, लोखंडाचा वेगळा. साधं यंत्र नाण्याएवढी वस्तू वीतभर खोलीपर्यंत ओळखतं. हंडा दहा फुटांवर दाखवणारं यंत्र म्हणून जे बाजारात खपवलं जातं, त्यावर विश्वास ठेवू नका.

आपल्या माळव्यात आणखी एक अडचण. इथली काळी माती बेसॉल्टच्या खडकापासून झालेली, तिच्यात लोहाचे चुंबकीय कण भरपूर. त्यामुळे यंत्र कोऱ्या जमिनीवरही कुरकुरत राहतं. आधी जागेवरच्या मातीशी ते जुळवून घ्यावं लागतं, नाहीतर दिवसभर नुसती माती उकरत बसाल.

ही हौस नवी, पण मातीतून धातू काढणारी माणसं नवी नाहीत. सराफ्यात सोनारांच्या दुकानांतली धूळ आणि राख विकत घेऊन धुणारे लोक असतात. मराठीत त्यांना झारेकरी किंवा धुळधोये म्हणतात, हिंदीत न्यारिये. परातीत माती पाण्याने हिंदळायची, हलकं वाहून जातं, जड धातू तळाशी राहतो. नर्मदेच्या घाटांवर पोरं दोरीला लोहचुंबक बांधून पाण्यात सोडतात आणि भाविकांनी टाकलेली नाणी वर काढतात. त्या चुंबकाला आजची स्टीलची नाणी चिकटतात. जुना तांब्याचा पैसा किंवा चांदीचा रुपया त्याला चिकटत नाही, तो तसाच तळाशी राहतो.

आमच्या घरातली चूक

1978 साली जुन्या इंदुरातल्या आमच्या आजोबांच्या घराची मागची भिंत पाडली. भिंतीच्या पायाशी मातीत एक तांब्या निघाला, तोंडाला फडकं बांधलेलं, आत चांदीची नाणी. किती होती, यावर आजही घरात एकमत नाही. आत्या म्हणते ऐंशीच्या वर, काका म्हणत शंभर. पाच भावांनी वाटून घेतली. बहुतेकांनी सराफ्यात नेऊन आटवली, त्यातून एका लग्नाचे दागिने झाले. कुणाला त्यात काही वावगं वाटलं नाही. मी तेव्हा शाळेत होतो आणि मलाही वाटलं नाही.

आज त्यातलं एकच नाणं देवघरात आहे. एका बाजूला सूर्याचं मुख, आणि फारसी अक्षरांत बादशाह शाह आलमचं नाव. भाच्याने ते पाहिलं आणि उडालाच: "मामा, हे तर मुघल!" नाही. हा होळकरांचा मल्हारनगर टांकसाळीचा, म्हणजे आपल्या इंदूरचाच रुपया. त्या काळी बाजारात नाणं चालायचं तर त्यावर दिल्लीच्या बादशाहाचं नाव लागे. शाह आलम 1806 मध्ये वारला, तरी त्याच्या नावाने होळकरांचे रुपये पुढे कित्येक वर्षं पडत राहिले. महेश्वरच्या टांकसाळीतल्या रुपयांवरही नाव त्याचंच, पण खूण शिवलिंग आणि बेलपानाची. म्हणजे नाव वाचून भागत नाही, खूण बघावी लागते.

आता चुकीकडे येतो. तो तांब्या कुणीतरी घाबरून पुरला असणार. इंदुरात घाबरण्याचे प्रसंग काही कमी झाले नाहीत. ऑक्टोबर 1801 मध्ये सर्जेराव घाटग्याच्या हाताखालच्या शिंद्यांच्या फौजेने शहर लुटलं. 1 जुलै 1857 ला रेसिडेन्सीवर हल्ला झाला, तेव्हाही घरोघरी धास्ती होती. आमचा तांब्या यातल्या कुठल्या वेळचा? की नुसताच एखाद्या आजीच्या काटकसरीचा?

याचं उत्तर तांब्यातच होतं. पुरलेल्या साठ्यातलं सगळ्यात नवं नाणं कुठल्या सालचं, ते पाहायचं, साठा त्याआधी पुरलेला असू शकत नाही. शंभर नाण्यांतलं शेवटचं साल जर 1801 च्या आसपास थांबलं असतं, तर तो घाटग्याच्या लुटीच्या भीतीचा पुरावा धरता आला असता. 1850 नंतरचं एकही नाणं निघालं असतं, तर ती शक्यता लगेच बाद झाली असती. आमच्याकडे उरलेल्या रुपयावर सालाचा भाग नेमका कडेबाहेर गेलाय. त्या काळी ठसा मोठा आणि चांदीचा तुकडा लहान असे, त्यामुळे असं नेहमी होई. शंभर नाण्यांत पाच-दहा तरी साल दाखवणारी निघाली असती. ती दागिन्यांत गेली, आणि दागिने पुढे मोडून पुन्हा आटवले गेले.

साठा एकत्र राहिला तर काय होतं

याच्या उलट उदाहरण नाशिक जिल्ह्यातल्या जोगलटेंभीचं. 1906 मध्ये तिथे तेरा हजारांवर चांदीची नाणी एकत्र सापडली, क्षत्रप नहपानाची. हा ढीग फुटला नाही, तज्ज्ञांच्या हाती गेला आणि नाण्यामागून नाणं तपासलं गेलं. तेव्हा दिसलं की त्यातल्या नऊ हजारांवर नाण्यांवर नहपानाच्या मुखावरच गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा मारलेला आहे. नाशिकच्या पांडवलेण्यांतल्या लेखात गौतमीपुत्राने क्षहरात वंशाचा उच्छेद केल्याचं कोरलेलं आहे, ते त्याच्या आईच्या, गौतमी बलश्रीच्या तोंडून. राजमातेने मुलाची केलेली स्तुती, म्हणून कुणी शंका घेतली असती. पण हजारो नाण्यांवरचा ठसा ही स्तुती नव्हे. हरलेल्या राजाची नाणी नव्या राजाने आपली म्हणून पुन्हा चालवली, हे डोळ्यांसमोर आलं.

त्यातलं एकच नाणं एखाद्याच्या खिशात गेलं असतं, तर ते एक विचित्र नाणं ठरलं असतं. दोन्ही प्रकारची नाणी एका जागी, त्या प्रमाणात मिळाली, म्हणून अर्थ लागला.

उज्जैनच्या क्षिप्राकाठी आणि विदिशेच्या बेसकाठी पावसाळ्यानंतर जुनी नाणी वर येतात. अधिक चिन्हाच्या चार टोकांना चार गोळे अशी 'उज्जयिनी खूण' असलेली तांब्याची नाणी संग्राहकांकडे पुष्कळ दिसतात. पण नेमकी कुठल्या काठावर, कशासोबत मिळाली, हे फार थोड्यांबद्दल सांगता येतं.

असीरगडचा विचार करा. हा किल्ला अकबराने जानेवारी 1601 मध्ये घेतला, आणि त्या विजयाची सोन्याची मोहोर पाडली, तिच्यावर ससाणा आहे. म्हणजे तिथल्या मातीत जुनं नाणं असणं अशक्य नाही. पण बातम्यांत आलं त्याप्रमाणे लोक उकरत होते ती माती महामार्गाच्या कामातून निघालेली, शेतात आणून टाकलेली होती. ती मूळ कुठल्या थरातली, हे आता कुणाला सांगता येणार? त्यातून मोहोर निघाली तरी ती नुसती मोहोरच. वर शेतकऱ्याच्या जमिनीत खड्डे पडले ते वेगळेच.

कायदा काय म्हणतो

आपल्याकडे इंडियन ट्रेझर ट्रोव्ह ॲक्ट, 1878, म्हणजे निखात निधीचा कायदा आजही लागू आहे. जमिनीत दडलेली कुठलीही मौल्यवान वस्तू त्यात येते. किंमत दहा रुपयांच्या वर असेल तर सापडणाऱ्याने जिल्हाधिकाऱ्याला लेखी कळवायचं: काय सापडलं, कुठे, कोणत्या दिवशी. दहा रुपये ही 1878 ची मर्यादा, म्हणजे आज जवळजवळ कुठलंही बरं नाणं त्यात बसतं. चौकशीत कुणी मालक निघाला नाही, तर सापडणाऱ्याला तीन चतुर्थांश आणि जमीनमालकाला एक चतुर्थांश अशी वाटणी कायद्यात आहे. सरकारला वस्तू हवी असेल तर धातूची किंमत आणि वर तिचा पाचवा हिस्सा देऊन घेता येते. कळवलं नाही, तर आपला वाटा जातो, आणि एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही.

हे कागदावरचं नाही. ऑगस्ट 2022 मध्ये धारला जुनं घर पाडताना मजुरांना 86 सोन्याची नाणी मिळाली. त्यांनी आपसांत वाटून घेतली आणि आठ जणांना अटक झाली. माझ्या मनात त्या मजुरांबद्दल राग नाही. आमच्या सुशिक्षित घराने 1978 मध्ये वेगळं काय केलं होतं? फरक इतकाच की त्यांना कायद्यातला आपला हिस्सा कुणी सांगितला नाही, आणि आम्ही विचारला नाही.

शिवाय शंभर वर्षांहून जुनं नाणं 1972 च्या कायद्याने पुरावशेष ठरतं, ते देशाबाहेर पाठवता येत नाही. असीरगडासारख्या केंद्र संरक्षित वास्तूत आणि तिच्या शंभर मीटरच्या आत खोदकामाचा विचारही करू नये. नेहरू पार्कसारख्या बागेत यंत्र घेऊन जाणाऱ्यांनाही माझं सांगणं हेच: जमीन आपली नाही, परवानगी नाही, तर खुरपं लावायचं नाही. बागेत बहुधा भराव बाहेरूनच आणलेला असतो, तेव्हा इतिहासाच्या दृष्टीने हाती फारसं लागतही नाही.

आम्ही काय केलं

रामबागेतल्या आमच्या अंगणात दोन रविवार यंत्र फिरवलं. खिळे, सोडावॉटरची बुचं, पत्र्याचे तुकडे, एक ॲल्युमिनियमचं वीस पैसे. दुसऱ्या रविवारी, तुळशीवृंदावनाच्या उत्तरेला, चार बोटं खाली तांब्याचं एक नाणं लागलं. बसलेला नंदी, मागे नागरी अक्षरं, संवताचे पहिले दोन आकडे 19, पुढचे झिजलेले. शिवाजीराव होळकरांच्या वेळचं.

भाचा चिंच आणायला धावला, मी त्याला थांबवलं. चिंचेने नाणं चकचकीत होतं आणि त्यावरची झिजलेली अक्षरं कायमची जातात. आम्ही एवढंच केलं:

नाणं उचलायच्या आधी शेजारी पट्टी ठेवून फोटो काढला.

घराच्या दोन कोपऱ्यांपासून टेपने अंतर मोजलं, खोली मोजली, वहीत नकाशा काढला.

सोबत काय निघालं तेही लिहिलं. तिथे कोळसा आणि कौलाचा तुकडा होता.

नाणं कागदी पाकिटात, वर तारीख आणि जागा.

दुसरा आवाज लगतच आला असता, तर माती परत लोटून थांबायचं आणि आधी कळवायचं, हे आम्ही सुरुवातीलाच ठरवलं होतं. एकाहून अधिक नाणी एकत्र म्हणजे साठा, आणि साठा उघडणं आपलं काम नाही.

अंगणात कुणाच्या हातून पडलेलं नाणं 'दडवलेलं' ठरतं का, यावर वकील वाद घालतील. मी त्यात पडलो नाही. साध्या कागदावर अर्ज लिहून नकाशाच्या प्रतीसह जिल्हाधिकारी कार्यालयात दिला आणि पोच घेतली.

मग आत्याला घेऊन बसलो. 1978 ची भिंत नेमकी कुठे होती, तांब्या किती खोल होता, फडकं कसलं होतं, जे आठवेल ते लिहून घेतलं. तिचं वय आता चौऱ्याऐंशी. ती म्हणाली, "इतक्या वर्षांत हे विचारणारा तू पहिलाच."

आपल्या घरात अशी गोष्ट असेल, तर नाणी गेली म्हणून ती सोडून देऊ नका. सांगणारं माणूस आहे तोवर जागा लिहून घ्या आणि मंडळाच्या वहीत नोंदवा.