लष्कर आणि लस्कर

थाटीपुरात राहणारा मराठी माणूस बाजारहाटाला निघाला की 'लष्करला जाऊन येतो' म्हणतो. त्याच्या मनात फौज नसते. महाराजवाडा, सराफा, दौलतगंज एवढेच असते. १८१० साली दौलतराव शिंद्यांनी उज्जैन सोडून किल्ल्याच्या दक्षिणेस तळ दिला. पुढे तंबूंच्या जागी वाडे उठले, नाव मात्र छावणीचेच राहिले. गंमत अशी की इंग्रजांची छावणी होती मुरारला, आणि ती १८८६ साली शिंद्यांकडे परत आली. थाटीपुराचे नावसुद्धा चौतीस नंबरच्या पलटणीवरून, म्हणजे 'थर्टी फोर'वरून पडले, असे सांगतात. ऐकायला गोड आहे. पण शेवटी 'पूर' मिरवणाऱ्या गावाने नावासाठी इंग्रजी आकड्याची वाट पाहिली असेल, हे काही पटत नाही.

असो. 'लष्कर' हा शब्द फारसी. मराठीने त्याला मानाने वागवले: फौज म्हणजे लष्कर, छावणी म्हणजे लष्कर, पुण्याचा कँपही लष्कर. फुकटचा राबता करणारा तेवढा लष्कराच्या भाकऱ्या भाजतो.

हाच शब्द बंदरावर उतरला आणि त्याचा मान गेला. 'लष्करी' म्हणजे सैनिक. पोर्तुगीजांनी त्याचे 'लस्करीं' केले, आणि सिंहलद्वीपात त्यांच्या व नंतर डचांच्या पदरी असलेले देशी शिपाई याच नावाने ओळखले गेले. इंग्रजांच्या तोंडी तो 'लस्कर' झाला. १८८६ सालीच निघालेल्या यूल आणि बर्नेल यांच्या 'हॉब्सन-जॉब्सन' कोशात या लस्कराचे तीन अर्थ आहेत: तोफखान्यातला हलका नोकर, तंबू ठोकणारा आणि जहाजावरचा देशी खलाशी. मधल्या अर्थापाशी ग्वाल्हेरकराने क्षणभर थांबावे. दौलतरावांचे लष्कर ज्या हातांनी मेखा ठोकून उभे केले, ते हात इंग्रजांच्या भाषेत लस्कराचेच!

जहाजावर घसरलेला हा एकटाच शब्द नव्हे. इराणच्या सैन्यात 'सरहंग' म्हणजे आजही कर्नल. आपल्या गलबतावर त्याचाच 'सारंग' होऊन तो खलाशांचा मुकादम झाला. उलट 'खलाशी' समुद्र सोडून जमिनीवर आला. कोकणात तो दर्यावर्दी, तर आपल्याकडे हिंदीत 'खलासी' म्हणजे रेल्वेतला अंगमेहनतीचा नोकर. श्योपुरला जाणारी आपली दोन फुटी रुळांची छोटी गाडी २०२० साली थांबली. तिच्या खलाशाला चंबळेच्या खोऱ्यात खारे पाणी कुठून दिसणार?

बंगाल-आसामात 'लस्कर' हे आडनाव आहे, आणि ते तिथे अब्रूने मिरवले जाते. जहाजावरच्या लस्कराची गोष्ट वेगळी. वाफेच्या बोटी आल्यावर इंग्रज कंपन्यांनी रत्नागिरीकडचे लोक डेकवर, सिल्हेटचे भट्टीपाशी आणि गोव्याचे भोजनगृहात घेतले. काम गोऱ्या खलाशाचेच, पण करार निराळा, पगार त्याच्या काही हिश्श्याइतका आणि झोपायची जागाही अपुरी. बोट बुडाली की मात्र दोघेही सारखेच बुडत.

पहिल्या महायुद्धात असे बुडालेल्या दोन हजारांहून अधिक हिंदी नाविकांची नावे मुंबईत मशीद बंदरच्या 'इंडियन सेलर्स होम'मध्ये कोरलेली आहेत. दुसऱ्या महायुद्धातल्या सहा हजारांहून अधिक नाविकांची नोंदवही मुंबईत आहे, तशीच चितगावलाही आहे. त्यांतल्या कित्येकांना इंग्रजी कागदांनी हयातभर 'लस्कर' याखेरीज दुसरी पदवी दिली नव्हती. पंजाब मेलने मुंबईस जाणाऱ्या लष्करकराला हे स्मारक दूर नाही. बोरीबंदरला उतरून लोकलने एकच स्टेशन मागे यायचे.