काटा नव्हे, शर्यत

मुरुडला काट्यावर सोयाबीनचं पोतं चढलं की माल किती ते कळतं. त्यात काय आहे ते कळत नाही. ओलावा आणि काडीकचरा वेगळा पाहावा लागतो. द्राक्षावर कोणतं औषध उरलंय हे सांगायचं तर काटा रेणूचा हवा, आणि रेणू पारड्यात बसत नाही. ‘टाइम ऑफ फ्लाइट’ वस्तुमानमापकानं काढलेली तोड अशी की तोलायचंच नाही, शर्यत लावायची. रेणूंना विद्युतभार देऊन आयन करायचे, सगळ्यांना सारख्याच व्होल्टेजचा धक्का द्यायचा आणि निर्वात नळीत सोडायचं. भार सारखा असेल तर ऊर्जाही सारखी, म्हणून हलका पुढे निघतो, जड मागे पडतो. चौपट वस्तुमानाला दुप्पट वेळ. 20,000 व्होल्टांचा धक्का बसलेला 100 एककांचा आयन मीटरभर नळी सुमारे 5 मायक्रोसेकंदांत ओलांडतो, 400 एककांचा 10 मायक्रोसेकंदांत. अडचण घड्याळाची आहे: 100 आणि 101 एककांत फरक पडतो तो सेकंदाच्या चार कोटीव्या भागाएवढा. विल्यम स्टीफन्स यांनी 1946 मध्ये मांडलेल्या कल्पनेला वायली आणि मॅक्लॅरेन यांनी नेमकेपणा दिला तो 1955 मध्ये. तरीही एकाच वस्तुमानाचे आयन थोड्या कमीजास्त वेगानं निघतच. त्यावर बोरिस मामिरिन यांनी विद्युत आरसा बसवला. वेगवान आयन आरशात खोल शिरतो, लांबचा फेरा घेतो आणि मागच्याच्या जोडीनं पोहोचतो. मोठी देखणी युक्ती आहे ही.

द्राक्षाच्या तपासणीत मला या यंत्राचं मोल वाटतं ते वेगळ्याच कारणासाठी. नेहमीचं चौध्रुवी यंत्र चाळणीसारखं: सांगितलेल्या वस्तुमानाचे आयन पुढे सोडतं, बाकीचे गमावतं. इथे धक्का मिळालेले सगळेच नोंदीत येतात, आणि ती नोंद पुढे केव्हाही उघडून नवं नाव शोधता येतं. 2010 मध्ये युरोपात आपली द्राक्षं अडली ती क्लोरमेक्वाटमुळे. बागायतदार वेलीची वाढ रोखायला ते वापरत होतेच, पण निर्यातीच्या तपासणी यादीत ते नव्हतं. यादीबाहेरचं चाळणीला दिसत नाही. यावर कुणी म्हणेल, ठरलेल्या औषधांचा अगदी सूक्ष्म अंश मोजायला तिहेरी चौध्रुवी यंत्रच सरस. ते खरं आहे, रोजचं काम त्याच्याकडेच राहावं. सारख्याच वस्तुमानाचे दोन रेणू नळीत एकत्रच पोहोचतात, हा आक्षेपही खरा. म्हणून पुण्याजवळ मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रातल्या शास्त्रज्ञांनी या नळीआधी दुहेरी गॅस क्रोमॅटोग्राफी जोडून रेणू अगोदरच वेगळे करण्याची पद्धत बसवली. सर्वांत अवघड आक्षेप मात्र नमुन्याच्या तयारीचा. क्लोरमेक्वाट हा पाण्यात विरघळणारा क्षार. इथिल अ‍ॅसिटेटनं अर्क काढला तर तो द्राक्षाच्या लगद्यातच राहतो. त्याला नळीपर्यंत आणायचं तर अर्क मिथेनॉलनं काढावा लागतो.